दोन चुलींचं घर

हार्लन फॉल्समध्ये बर्नाडेट हुडाकला बर्नाडेट म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मोठ्यांची ती बर्नी, आणि शाळेच्या बसमध्ये कधीकाळी चढलेल्या प्रत्येकाची मिस बर्नी. उभं आयुष्य तिनं ती पिवळी बस चालवली. गावातल्या डॉक्टरला, पोलिसाला आणि अंत्यविधी करणाऱ्या दुकानाच्या मालकालाही तिनं लहानपणी आरशातून बघत दरडावलेलं होतं, "खाली बस, नाहीतर उतर आणि चालत जा!" उतरवलं मात्र कुणालाच कधी नाही. बर्फात रस्ता बंद झाला की पोराला दारापर्यंत चालत सोडून यायची आणि वर आयांना सुनवायची, "मोजे तरी कोरडे घालत जा गं त्याला."

जीभ तिखट होती. ती बापाकडून आलेली. बाप काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, नदीकाठच्या स्लोव्हाक वस्तीत राहायचा. तिथली घरं अरुंद आणि उंच. वरच्या मजल्यावर आजी, मधे आई-बाप, तळघरात नुकताच बोटीतून उतरलेला कुणीतरी काका. प्रत्येकाची चूल वेगळी, जिना एकच. कुणी कुणाच्या पातेल्यात डोकावलं की भांडण, आणि रविवारी प्रार्थनेनंतर सगळे एकाच टेबलाशी. त्यासाठी कुणी परवानगी मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती.

लग्न झाल्यावर बर्नी आणि स्टीव्ह टेकडीवर लिंडन स्ट्रीटला राहायला आले. कोपऱ्यावरचं पांढरं घर, तीन बाजूंना हिरवळ. नदीकाठची माणसं म्हणाली, "हुडाक आता वर गेले, आपल्याला ओळख देतील का?" स्टीव्ह दर शनिवारी गवत कापायचा आणि कापून झाल्यावर उगाचच रस्त्यापर्यंत जाऊन घराकडे बघत उभा राहायचा. समोर फॅरेल नवरा-बायको, डॉन आणि कॉलीन. डॉन विमा विकायचा. स्टीव्ह आणि तो मासे धरायला एकत्र जायचे आणि बहुतेकदा रिकाम्या हातानं, पण खुशीत परत यायचे. कॉलीन आणि बर्नी रोज सकाळी एकमेकींच्या ओसरीवर कॉफी प्यायच्या. स्टीव्ह गवत कापायचं यंत्र दुरुस्त करता करता गॅरेजमध्ये कोसळला तो गेलाच, तेव्हा पहिला धावत आला तो डॉनच.

बर्नीला एकच मुलगी, रेनी. दोघींचं कधी जमलं नाही. प्रेम नव्हतं असं नाही, दोघींच्या मायेला काटे होते. रेनीनं शिक्षण अर्धवट सोडलं, मग आईला न आवडणाऱ्या माणसाशी लग्न केलं. त्या माणसानं पुढं आईचंच म्हणणं खरं करून दाखवलं. दोन पोरं मागं ठेवून तो निघून गेला. रेनी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंघोळ-पांघरूण बघायची. कामाच्या वेळा उलट्यासुलट्या, आणि पोरं शेजारणीच्या भरवशावर. त्यातच ती राहत होती ते भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं.

तेव्हा बर्नीनंच सुचवलं. आईस्क्रीमच्या दुकानाबाहेर बाकावर बसल्या होत्या. रेनीची पोरं, जोसी आणि ओवेन, कुंपणावर चढत होती.

"वरचा मजला रिकामाच आहे," बर्नी म्हणाली. "बाहेरून जिना काढू. वर तुझं स्वयंपाकघर. तुझं दार, तुझी किल्ली."

रेनी हसली. "म्हणजे एका छपराखाली, पण एका चुलीवर नाही."

"एका चुलीवर आपण दोघी नांदलो तर महिन्याभरात फायर ब्रिगेड बोलवावी लागेल."

"आणि तू वर येणार नाहीस? न सांगता?"

"खालून काठीनं छत ठोकीन."

कितीतरी वर्षांनी दोघी एकाच गोष्टीवर हसल्या. त्या उन्हाळ्यात रेनी दर रविवारी यायची. वरच्या खोल्यांत फिरायची, ओटा कुठं, पोरांच्या खाटा कुठं, ते हातवारे करून सांगायची. जोसीनं खिडकीपाशी स्वतःची जागा ठरवून टाकली. बर्नी जिन्यात बसून ऐकायची आणि जिभेवर ताबा ठेवायची. एवढा वेळ ताबा ठेवणं हा तिच्या आयुष्यातला विक्रमच होता.

अडचण एकच निघाली. लिंडन स्ट्रीट एका घरात एकच कुटुंब अशा झोनमध्ये होती. दुसरं स्वयंपाकघर आणि दुसरं दार झालं की गावाच्या लेखी ती दोन कुटुंबं. त्यासाठी त्या जागेचा झोन बदलून घ्यावा लागणार होता. म्हणजे नियोजन समितीपुढं अर्ज, जाहीर सुनावणी, मग नगरपरिषदेचं शिक्कामोर्तब.

डॉन फॅरेल त्या समितीवर बरीच वर्षं होता. बर्नी त्याच्याकडे गेली.

"अगं, कर की अर्ज," तो म्हणाला. "तुझ्यासारखीला नाही म्हणणार कोण? नुसता उपचार आहे. तू ये, दोन शब्द बोल, झालं."

"शेजारी?"

"शेजाऱ्यांची पोरं तू शाळेत पोचवलीस, बर्नी."

गॅरेजच्या वर पत्र्याची एक पाटी लावावी लागली, या जागेबद्दल सुनावणी आहे म्हणून. पाटी लागली आणि रस्त्यावरचा वारा बदलला. कुत्रा फिरवणारे लोक पलीकडच्या कडेनं जाऊ लागले. कुणी काही बोललं नाही. फक्त कोपऱ्यापलीकडचा दातांचा डॉक्टर, क्रेग टॉलिव्हर, एकदा गाडीची काच खाली करून म्हणाला, "मिस बर्नी, वरचं भाड्यानं देणार म्हणे?"

"भाड्यानं नाही. माझी मुलगी येतेय."

"हो हो, सध्या," क्रेग म्हणाला आणि काच वर केली.

सुनावणी संध्याकाळी नगरभवनात होती. बर्नीनं निळा ड्रेस घातला होता, चर्चला घालायची तो. रेनी कामावरून थेट आली, कामाच्याच कपड्यांत, आणि तिच्या मागच्या ओळीत बसली. खोली भरली होती. बर्नीला आधी बरं वाटलं; सगळे ओळखीचे चेहरे. ते कशासाठी आलेत हे कळायला थोडा वेळ लागला.

समितीचे सात जण उंच टेबलामागं बसले होते. डॉन डावीकडून दुसरा. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

बर्नीनं माइकपाशी जाऊन सांगितलं, साधंच. मुलगी, दोन नातवंडं, रिकामा मजला. मग घरांच्या खरेदी-विक्रीत असलेल्या सभासद मिसेस विनफिल्ड यांनी चष्मा काढून विचारलं, "मिसेस हुडाक, मला एक समजत नाही. मुलगी आहे, तर एक कुटुंब म्हणून सरळ राहा ना. त्याला कुणाची हरकत नाही. दुसरं स्वयंपाकघर हवंय कशाला?"

"कारण आमचं पटत नाही," बर्नी म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं. 

"म्हणजे?" विनफिल्डबाई सोडायला तयार नव्हत्या. "पटत नाही म्हणून आम्ही गावाचा नकाशा बदलायचा?"

बसमध्ये आवाज वाढला की तिला काय करायचं ते माहीत होतं: एक टोमणा मारायचा, पोरं हसतात, मग ऐकतात. तिनं तेच केलं.

"बाई, तुम्ही माझ्या मुलीचं स्वयंपाकघर बघितलेलं नाही. तीन-तीन दिवस भांडी पडलेली असतात. नवरासुद्धा वाट बघून बघून पळाला!"

सभागृह खदखदून हसलं. विनफिल्डबाई हसल्या. क्रेग टॉलिव्हर हसला. एका क्षणापुरतं बर्नीला वाटलं, जिंकलं. मग मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं तेव्हा रेनी दारातून बाहेर जात होती. पाठ ताठ, हातात गाडीची किल्ली.

तिच्या मागं जावं की माइकपाशी थांबावं, हे बर्नीला ठरवता आलं नाही. अध्यक्षांनी "बसा, मिसेस हुडाक" म्हटलं म्हणून ती बसली. पुढं आयुष्यभर तिला त्या बसण्याचाच राग येत राहिला.

मग शेजारी एकेक करून उठले. सगळ्यांची सुरुवात एकच: बर्नीबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. क्रेग म्हणाला, "या बाईंनी मला हिवाळ्यात दारापर्यंत सोडलंय. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण आज एका घराला परवानगी दिली तर उद्या कोपऱ्याकोपऱ्यावर भाडेकरू, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा. आम्ही हा रस्ता बघून इथं घर घेतलं." दुसरी कुणी म्हणाली, पोरं सायकली कुठं चालवणार. तिसऱ्यानं सांडपाण्याचा प्रश्न काढला. गोड बोलून गळा कापणं म्हणजे काय, ते बर्नीनं त्या रात्री निळ्या ड्रेसमध्ये बसून शिकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला उलट बोलता आलं असतं.

मतदानाआधी डॉननं बोलायला परवानगी मागितली. बर्नीनं मान वर केली.

"झोन माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो," डॉन म्हणाला. तो तिच्याकडे न बघता माइककडे बघत होता. "मिसेस हुडाक, तुम्ही उद्या घर विकलंत तर तो बदल तसाच राहणार. तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण आम्हाला तुमच्यापुरतं बघता येत नाही, तुम्ही समजून घ्याल."

मिसेस हुडाक. तुम्ही. स्टीव्हच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस तिला तुम्ही म्हणत होता. पाच विरुद्ध दोन मतांनी अर्ज फेटाळावा अशी शिफारस झाली. पाचांत डॉन होता. नगरपरिषदेनं पुढच्या बैठकीत ती शिफारस, फुटपाथच्या दुरुस्तीच्या विषयाआधी, दोन मिनिटांत मान्य करून टाकली.

सुनावणीच्या रात्री रेनी बाहेर गाडीत बसली होती. बर्नीनं काचेवर टकटक केली.

"रेनी, अगं मी त्यांना हसवायला..."

"हसले ना?"

"माझ्या तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या तोंडातून नेहमीच निघून जातं, मॉम." रेनी रडत नव्हती, तेच वाईट होतं. "त्या खोलीत माझ्या दोन म्हाताऱ्यांच्या मुली बसल्या होत्या. उद्या मी त्यांच्या आयांना जेवू घालायला जाणार आहे."

"मग मी काय करू, सांग."

"काही नको. दिली का परवानगी?"

बर्नीनं नाही म्हणून मान हलवली.

"म्हणजे तेही फुकटच," रेनी म्हणाली आणि गाडी सुरू केली.

उन्हाळा संपायच्या आत रेनी पोरांना घेऊन ॲरिझोनाला गेली. तिथं एका मैत्रिणीनं काम बघून ठेवलं होतं. जाताना आईला मिठी मारली, पण घाईत, जशी विमानतळावरच्या गर्दीत वाट काढताना अनोळखी माणसं एकमेकांना चिकटतात तशी. जोसीनं विचारलं, "आजी, माझी खिडकी?" बर्नी म्हणाली, "आहे गं, कुठं जातेय."

कॉलीन एकदाच आली. ओसरीवर उभी राहिली, बस म्हणायची वाट बघत. बर्नीनं म्हटलं नाही.

"डॉनवर फार दबाव होता गं."

"कुणाचा? बंदूक घेऊन बसलं होतं का कुणी?"

"सगळा रस्ता विरोधात होता. त्याला इथंच राहायचंय ना."

"मला कुठं राहायचं होतं, कॉलीन?"

कॉलीन जायला वळली. "तू स्वतःच्या मुलीला सगळ्यांसमोर बोललीस, त्याचा राग आमच्यावर काढू नकोस," असं म्हणून ती पायऱ्या उतरून गेली. ते खोटं नव्हतं. म्हणूनच बर्नीनं त्यानंतर कधी समोरच्या घराकडं बघितलं नाही. खोटं असतं तर कदाचित महिन्या-दोन महिन्यांत माफ केलं असतं.

मग कंटाळवाणे हिवाळे आले. बसची नोकरी संपली होती. चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळायला ती जायची, पण कढईशी उभी राहायची, टेबलांकडं फिरकायची नाही. लोकांच्या मनात काही नव्हतं. ते विसरूनही गेले होते. "हाय, मिस बर्नी!" ते हाक मारायचे, आणि त्या हाकेनं तिचं पित्त खवळायचं. ज्यांनी घाव घातला त्यांना तो आठवतही नसावा, याहून मोठा अपमान तिला माहीत नव्हता. मुलीचा फोन सणासुदीला यायचा. पोरं आधी भरभरून बोलायची, नंतर टीव्ही बघत हं-हं करायची.

तीन-चार वर्षं अशी गेली असतील. गावातल्या इस्पितळाला नवी इमारत झाली, आणि मग सगळ्यांना साक्षात्कार झाला की नर्सना राहायला गावात घरंच नाहीत. वृद्धाश्रमात माणसं टिकेनात. शिक्षकसुद्धा शेजारच्या गावाहून येऊ लागले. नगरपरिषदेनं बैठका घेतल्या, बाहेरून तज्ज्ञ आणले, आणि तज्ज्ञांनी सांगितलं की प्रत्येक घरात दुसरं बिऱ्हाड करायला सरसकट मोकळीक द्या. नियोजन खात्यातली एक तरुण मुलगी, टेसा ऑयलर, बर्नीच्या दारात आली.

"मी जुने अर्ज चाळत होते. तुमच्यावर अन्याय झाला, मिसेस हुडाक. या नियमाच्या सुनावणीला तुम्ही येऊन तुमची हकिकत सांगाल का? लोकांच्या काळजाला भिडेल."

"मागं एकदा सांगितली होती," बर्नी म्हणाली. "लोक खूप हसले होते."

"आता हसणार नाहीत."

"तेच तर. आता रडतील. मला दोन्ही नको."

ती गेली नाही. पण हकिकत सांगितली गेलीच. तोवर समितीचा अध्यक्ष झालेल्या डॉन फॅरेलनं सांगितली. दुसऱ्या दिवशीच्या गावच्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर होतं: आपल्या जिवलग मित्राची विधवा, पोरक्या झालेल्या नातवंडांसाठी एक मजला मागणारी, आणि "आपण सगळे तेव्हा कमी पडलो" असं म्हणताना अध्यक्षांचा गळा कसा दाटून आला. सभागृह उभं राहिलं, टाळ्या वाजल्या. नियम एकमतानं संमत झाला. पोरकी मात्र कुणाची नातवंडं होती ते बर्नीला कळेना. तिच्या नातवंडांची आई चांगली जिवंत होती.

दुपारी डॉन स्वतः आला. वर्तमानपत्र काखोटीला, डोळे ओले. म्हातारा दिसायला लागला होता.

"वाचलंस?"

"वाचलं."

"बर्नी, हा नियम तुझ्यामुळं झाला. आता कर वरचा मजला. कुणाला विचारायचं कारण नाही."

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. बर्नीनं त्याला आत घेतलं नाही. जाळीच्या दारामागं उभी राहून तिनं विचारलं, "त्या दिवशी ग्लासाकडं बघत होतास. ग्लासात काय होतं रे?"

"अं?"

"सबंध वेळ. मी बोलत होते तेव्हा."

डॉननं वर्तमानपत्र दुसऱ्या काखेत घेतलं. "मी चुकलो, हे मी सगळ्या गावासमोर बोललो," तो म्हणाला. "आणखी काय करायला हवं?"

"गावासमोर बोललास. टाळ्याही मिळाल्या. मला कधी बोललास?"

"आत्ता बोलतोय ना."

"आधी तिथं, मग इथं," बर्नी म्हणाली. "जा डॉन. कॉलीन वाट बघत असेल."

तो गेल्यावर तिनं रेनीला फोन लावला. मागं कुणीतरी बास्केटबॉल आपटत होतं.

"इथं नियम बदलला," बर्नी म्हणाली. "आता वर करता येईल. स्वयंपाकघर, जिना, सगळं."

रेनीचा आवाज आला तो मऊ होता, कामावर म्हाताऱ्यांशी बोलायचा तसा. "मॉम, ओवेन संघात निवडला गेलाय. जोसीच्या मैत्रिणी इथं आहेत. मला परवा बढती मिळाली." आणि मग, "तूच ये ना इकडं कधी. थंडीपुरती."

"बघते," बर्नी म्हणाली. त्या दिवशी भांड्यांवरून जे बोलले ते, असं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ओवेननं पलीकडून काहीतरी विचारलं, रेनी त्याच्याशी बोलायला लागली, आणि ते तिथंच राहिलं.

नव्या नियमाखाली लिंडन स्ट्रीटवर पहिलं बिऱ्हाड वाढवलं ते क्रेग टॉलिव्हरनं. गॅरेजच्या वर दोन खोल्या काढून इस्पितळातल्या नर्सला भाड्यानं दिल्या. नर्स चांगली होती, गाडी नीट लावायची. मुलं सायकली चालवत राहिली. सांडपाणीही नीट वाहत होतं. या सगळ्याकडं बर्नी खिडकीतून बघायची, आणि एखादी तरी विपरीत गोष्ट घडावी, निदान एक नळ तरी फुटावा, अशी आस धरून बसायची. काहीही घडलं नाही.

गुडघे जिना चढायला नकार देऊ लागले तेव्हा तिनं घर विकलं. घेणाऱ्यांनी वर लगेच दुसरं स्वयंपाकघर केलं. बर्नी नदीजवळ, ज्येष्ठांसाठीच्या नव्या इमारतीत, दीड खोलीत राहायला गेली. तिथली व्यवस्थापक बाई हसतमुख होती. कचरा कुठं, कपडे धुवायचं यंत्र कुठं, सगळं दाखवून झाल्यावर ती म्हणाली, "आणि पाहुणे येऊ शकतात हं. फक्त दोन आठवड्यांपेक्षा जास्त कुणाला ठेवता येत नाही. नियम आहे."

"मुलगी असली तरी?"

"सगळ्यांना सारखाच आहे, मिसेस हुडाक."

बर्नी हसली. कितीतरी दिवसांनी, अगदी मनापासून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाई घाबरली. म्हणाली, "अडचण असेल तर आपण मंडळाकडे विशेष अर्ज करू शकतो..."

"नको गं बाई," बर्नी म्हणाली, डोळे पुसत. "दोन आठवडे फार झाले. तेवढी ती राहत नाही."